क्लिफर्डसाठी चार शब्द

“कागद? मला कशाला लागतोय कागद? एकोणीस वर्षं या देशातले खुनी पकडलेत मी. कधी माझ्या हातात कागद दिसला का कुणाला?”

आरशासमोर काळा टाय आवळत लायनेल ट्रेनथमनं बहिणीला ठणकावून सांगितलं. बेरिल गाडीची किल्ली घेऊन दारात उभी होती.

“हातात नाही दिसायचा,” ती म्हणाली. “एकदा मेलेल्या माणसाच्या कपाळावर चिकटवला होतास.”

“ते पहिल्या वर्षी! नंतर कधी लागला का?”

“नंतर क्लिफर्ड होता.”

यावर लायनेलला टाय जरा जास्तच घट्ट झाला.

“चष्मा तरी घे,” बेरिल म्हणाली.

“इन्स्पेक्टर हॅडो चष्मा लावत नाही.”

“इन्स्पेक्टर हॅडो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा नाही. आणि मुळात इन्स्पेक्टर हॅडो नाहीच!”

पण ऐकेल तो लायनेल कसला! चष्मा घरीच राहिला आणि कागदही.

आता खरी गोष्ट सांगायला हरकत नाही. लायनेलला पाठांतर म्हणून नव्हतं. दर रविवारी रात्री सारा देश टीव्हीसमोर बसायचा, आणि इन्स्पेक्टर हॅडो दिवाणखान्यात सगळ्या संशयितांना गोळा करून बोलता बोलता मध्येच थांबायचा. नजर लांब कुठेतरी लागायची. लोक सरसावून बसायचे. मग हॅडो वळायचा आणि खुन्याचं नाव घ्यायचा. त्या थांबण्यावर माणसं फिदा होती. वर्तमानपत्रांनी त्यावर रकाने भरले, एका प्राध्यापकानं तर त्यात माणसाच्या एकाकीपणाचा अर्थ शोधून काढला. अर्थ एवढाच होता की गड्याला पुढचं वाक्य आठवत नसे! त्याच्या डाव्या खांद्यामागे सार्जंटच्या वेषात क्लिफर्ड बेट्स उभा असायचा. तो ओठ न हलवता वाक्य पुटपुटायचा आणि लायनेल ते गरजायचा. नाव लायनेलचं झालं. क्लिफर्डचा अर्धा चेहरा दिसायचा, तोही कॅमेरा जरा सरकला तर.

एका वर्षी लायनेलला मोठं बक्षीस मिळालं. मंचावर जाऊन त्यानं सगळ्यांचे आभार मानले. निर्मात्याचे, शिंप्याचे, मालिकेतल्या कुत्र्याचेसुद्धा! क्लिफर्डचं नाव तेवढं राहिलं. कारण क्लिफर्ड त्या वेळी समोर प्रेक्षकांत बसला होता, आणि नाव सांगायला खांद्यामागे कुणी नव्हतं. क्लिफर्ड टाळ्या वाजवत राहिला. नंतर माफी मागावी असं लायनेलच्या मनात होतं, पण चार माणसांसमोर तेही जमलं नाही आणि एकट्यात तर त्याहून नाही.

मालिका संपली. लायनेल जिन्यावरून आपोआप वर नेणाऱ्या खुर्चीच्या जाहिरातीत झळकला. क्लिफर्डला कुणी कामच दिलं नाही, कारण तो दिसला की लोक विचारायचे, “साहेब कुठे आहेत?” पुढे तो आजारी पडला, आठ महिने अंथरुणाला खिळून होता. लायनेलनं कितीदा तरी फोन उचलला आणि काय बोलायचं ते न सुचून खाली ठेवला. मग एक दिवस क्लिफर्डच्या बायकोचा, थेल्माचाच फोन आला. “गेला तो. निरोपाला चार शब्द बोलशील? त्याची इच्छा होती.”

म्हणून लायनेलनं पंधरवडाभर न्हाणीघरात भाषण घोकलं होतं. आज सगळ्यांदेखत सांगून टाकायचं, की बाबांनो, डोकं क्लिफर्डचं होतं, मी म्हणजे नुसती वरची टोपी. एवढं एकदा थेल्मासमोर बोललो की सुटलो.

दहनगृहात गर्दी बरी होती. समोर पडद्याच्या महिरपीत फुलं घातलेली क्लिफर्डची शवपेटी. काळ्या कोटातल्या व्यवस्थापकानं खूण केली, आणि लायनेल ताठ मानेनं पुढे गेला.

“मित्रहो,” तो म्हणाला. “क्लिफर्ड बेट्सबद्दल आज मी तुम्हाला असं काही सांगणार आहे, जे आजवर लपून राहिलंय.”

सुरुवात झकास झाली! आणि तिथेच गाडी अडली. पुढचं वाक्य पार पुसून गेलं. लायनेलनं सवयीनं मान किंचित डावीकडे कलवली. मागून काही आलं नाही. कुठून येणार? पुटपुटणारा पेटीत होता.

लायनेलची नजर लांब कुठेतरी लागली.

सभागृहात चुळबुळ थांबली. माणसं सरसावून बसली. सगळ्यांना ते थांबणं चांगलंच ओळखीचं होतं!

“अगं बाई!” मागच्या रांगेतली एक म्हातारी कुजबुजली. “कुणीतरी मारलंय क्लिफर्डला!”

“काहीतरीच! आजारी होता तो.”

“तसंच तर भासवतात!”

लायनेलला धूसर आकृत्यांखेरीज काही दिसत नव्हतं. त्याची नजर शब्दांच्या शोधात भिरभिरली आणि एका लालसर ठिपक्यावर टेकली. तो ठिपका म्हणजे क्लिफर्डचा पुतण्या गॅरी.

“माझ्याकडे काय बघता?” गॅरी ताडकन उठला. “गवत कापायचं यंत्र मला काकांनीच ने म्हणून सांगितलं होतं!”

“तू नेलंस होय ते!” त्याची आत्या ओरडली. “आणि मी चोर समजून माळ्याला काढून टाकलं!”

लायनेल गांगरला. त्यानं नजर दुसरीकडे वळवली. तिथे क्लिफर्डचे डॉक्टर बसले होते. ते घामाघूम होऊन उभे राहिले.

“मूत्रपिंडं निकामी झाली होती! माझ्याकडे सगळे रिपोर्ट आहेत!”

“तुम्हाला कुणी विचारलं होतं का?” मघाची म्हातारी म्हणाली. “मग इतके घाबरता कशाला?”

“नाही, नाही,” लायनेल कसाबसा म्हणाला, “माझं म्हणणं एवढंच की…” आणि पुन्हा थांबला. हा थांबा आधीपेक्षा लांबला. क्लिफर्डच्या घराशेजारच्या बाईंनी त्याच्या गुलाबांवर आपला बोका घाण करायचा हे रडत कबूल केलं. कुणीतरी पोलिसांना बोलवावं म्हणालं. या सगळ्या गोंधळात पहिल्या रांगेत थेल्मा तेवढी हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. ती लायनेलकडे पाहत होती, आणि चष्मा नसूनही तेवढं त्याला दिसलं.

इतक्यात व्यवस्थापकानं घड्याळ पाहिलं. तिथे प्रत्येक मयताला अर्धा तास, आणि पुढची मंडळी बाहेर खोळंबलेली. त्यानं हळूच बटण दाबलं. वाद्यसंगीत सुरू झालं, पडदा सरकला, आणि क्लिफर्ड बेट्स एक शब्दही न ऐकता गेला.

लोक बाजूच्या दारानं, बाहेर मांडलेली श्रद्धांजलीची फुलं बघायला निघून गेले. लायनेल खांबाआडच्या खुर्चीत मटकन बसला. तोंड ओंजळीत लपवलं. आपल्यासारखा कृतघ्न माणूस दुसरा नसेल, असं त्याला वाटलं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. तिकडच्या लोकांची एक रीत आहे. दहनगृहात रडणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी हटकत नाही. व्यवस्थापक दोनदा जवळ आला आणि दोनदा खोकून परत गेला.

आणि मग आठवलं! पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं, सगळं भाषण धडाधड रांगेत उभं राहिलं. लायनेलनं डोकं वर केलं. पाहतो तर पडदा उघडा! महिरपीत पेटी, पेटीवर फुलं, समोर काळ्या कपड्यांतली माणसं, आणि एक पाद्रीबाई म्हणत होत्या, “कुणाला चार शब्द बोलायचे असतील तर…”

दुसऱ्या कुणाला शंका आली असती. पण लायनेलचा सगळा जन्म चित्रीकरणात गेलेला. तिथे वाक्य चुकलं की दिग्दर्शक ओरडतो, “पुन्हा एकदा!” आणि सगळं पहिल्यापासून मांडतात. मेलेला माणूससुद्धा उठून पाणी पिऊन परत मरतो. थेल्मानंच सांगून हे घडवून आणलं असणार! डोळे पुशीत तो पुढे गेला.

“एकोणीस वर्षं,” त्यानं पेटीवर हात ठेवला. “एकोणीस वर्षं रोज सकाळी मी पहिला चेहरा पाहिला तो तुझा. किती गावं फिरलो आपण, किती हॉटेलांत उतरलो, एका छत्रीखाली किती पाऊस काढला! घरी तुझी वाट बघणारं माणूस होतं, तरी तुझा सगळा वेळ मी घेतला. लोकांना वाटलं, हा ट्रेनथम केवढा हुशार! पण मी अडलो की तुझी कुजबुज माझ्या कानाशी यायची, आणि मी उभा राहायचो. आणि मी? चारचौघांत तुझं नाव घ्यायची मला हिंमत झाली नाही. आज घेतो. माझं जे काही झालं ते तुझ्यामुळे झालं. मला माफ कर.”

एकदाही अडखळला नाही! मग पहिल्या रांगेत काठी जमिनीवर आपटली.

“एकोणीस वर्षं?” एक थरथरता आवाज आला. “मला म्हणायची, चर्चमध्ये फुलं लावायची पाळी आहे!”

“बाबा, बसा ना,” शेजारची बाई म्हणाली.

“बसू कसा? हॉटेलांत उतरले म्हणतोय तो! आणि छत्री? माझ्याबरोबर कधी पावसात बाहेर पडली नाही ऑलिव्ह!”

लायनेलनं पेटीवरचा हात काढला. “ऑलिव्ह? कोण ऑलिव्ह?”

“कोण ऑलिव्ह!” म्हातारा काठी उगारून उठला. “बायको फिरवलीस माझी, आणि आता कोण म्हणून विचारतोस?”

“अहो, मी बाईंना ओळखतही नाही!”

“बघा, बघा! ती पेटीत जाते न जाते तोच ओळख नाकारली!”

“तसं नाही हो! मी क्लिफर्डबद्दल बोलत होतो!”

“आता हा क्लिफर्ड कोण?” म्हातारा लेकीकडे वळला. “पामेला, किती जण होते गं?”

शेवटी व्यवस्थापकानं धावत येऊन सगळा उलगडा केला. लायनेलनं म्हाताऱ्याची हात जोडून माफी मागितली. ते म्हातारे गृहस्थ, मिस्टर एगर्टन, हळूहळू खाली बसले. राग उतरला तसा त्यांचा चेहराही उतरला.

“म्हणजे खरंच काही नव्हतं?”

“काही नव्हतं. शपथ!”

“हं.” ते पेटीकडे पाहत राहिले. “बोललात मात्र छान. साठ वर्षांच्या संसारात मी तिला यातलं एक वाक्य बोललो नाही. तुमचं काम बघायची हो ती. खुनी कोण ते तुमच्या आधी सांगायची.” मग हात पुसून त्यांनी लायनेलचा हात धरला. “ते माफ कर म्हणालात ना, ते राहू द्या तिच्या नावावर.”

लायनेल बाहेर आला तेव्हा क्लिफर्डची माणसं पांगली होती. बेरिल म्हाताऱ्यांना गाडीत भरून थेल्माच्या घरी चहाला घेऊन गेली होती. थेल्मा एकटी आपल्या छोट्या गाडीला टेकून उभी होती.

“कुठे होतास?”

लायनेलनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काठीसुद्धा नाही. थेल्माच्या ओठांचा कोपरा एकदा हलला, पण ती हसली नाही.

“राग आला असेल तुला,” तो म्हणाला.

“आज नाही. आधी यायचा. आठ महिने यायचा. रोज म्हणायचे, एवढा काय मोठा लागून गेलाय तुझा ट्रेनथम, एक फोन करता येत नाही? तर क्लिफर्ड तुझीच बाजू घ्यायचा. म्हणायचा, थांब गं, तो शब्द शोधत असेल, त्याला वेळ लागतो.”

लायनेल बुटांकडे पाहू लागला.

“शेवटी शेवटी तर दारावरची घंटा वाजली की केस सारखे करायचा. दूधवाला असायचा.” थेल्मानं गाडीचं दार उघडलं. “सापडले म्हणतोस ना शब्द? मग बोल की. मी ऐकते.”

लायनेलनं तोंड उघडलं. थेल्मा थांबली. तिला घाई नव्हती. वारा सुटला होता, आतून ऑलिव्ह एगर्टनसाठी म्हटलेलं प्रार्थनागीत ऐकू येत होतं. त्यातही बरेच जण सूर चुकत होते. लायनेलचे ओठ दोनदा हलले आणि मिटले.

“बरं,” थेल्मा म्हणाली. तिनं पुढच्या सीटवरची पिशवी उचलून मागे टाकली. “बस गाडीत. घरी चहाची सँडविच वाळतील.”