पिनगनवाले सुदामकाका

सुदामकाकांना काही सांगायचं असेल तर आधी 'फुस्स' असा आवाज व्हावा लागे. तो झाल्याशिवाय ते कोणाचंही ऐकत नसत.

त्यांच्या हातात दिवसभर पिनगन असायची आणि तिच्या बुडाला कॉम्प्रेसरची लांबलचक पिवळी नळी. कोणी "काका" म्हणून हाक मारली की ते एक बोट वर करायचे, नळी ओढून काढायचे, आत उरलेली हवा फुस्स करून निघून गेली की गन भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचे, तीही नाक भिंतीकडे करून. मग आपल्याकडे वळून म्हणायचे, "हां. आता बोला."

एकदा त्यांचा धाकटा भाऊ इंद्रवेल्लीहून बातमी घेऊन आला. दारातूनच ओरडला, "दादा, मले..." काकांचं बोट वर. बिचारा तसाच तोंड उघडं ठेवून उभा राहिला. नळी निघाली, फुस्स झालं, गन खिळ्यावर गेली.

"हां. आता बोल."

"दादा, जुळं झालं."

"किती?" काकांनी इतक्या गंभीरपणे विचारलं की तो पुरता गोंधळला आणि म्हणाला, "दोन."

गुडीहत्नूरला हायवेच्या कडेला राजन्नाचा सोफ्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याचं शेड. तिथं ट्रकच्या सीटा, सोफे, दिवाण असं काय काय बनायचं. तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो. राजधानी हैदराबाद आणि सोयरे सगळे यवतमाळ-नांदेडकडचे, असा आमचा संसार. बारावी झाल्यावर टीचरच्या परीक्षेची तयारी करता करता मी तिथं कव्हरं शिवायला जात असे. माझ्या मशीनपासून चार हातांवर काकांचं टेबल. त्यामुळे मी त्यांना जितकं पाहिलं तितकं त्यांच्या सोयऱ्यांनीही पाहिलं नसेल.

पिनगन म्हणजे ऑफिसातल्या स्टेपलरची थोरली बहीण. रेक्झिन लाकडावर ताणून धरायचं, गनचं नाक टेकवायचं, घोडा दाबायचा. हवेच्या जोरानं पिन लाकडात जाऊन बसते. पूर्वी हेच काम हातोडीनं आणि चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, करत. काका त्या जमान्यातले. "वीस वर्सं तोंडात चुका धरून काम केलं म्या," ते सांगायचे, "पन गिळली एकबी नाही."

गनला ते जावई म्हणायचे. "मान द्या, टायमावर तेल-पानी पाहा, आन् भरवसा मात्र ठेवू नका." काकांना मुलगी नव्हती. मग जावयांची एवढी माहिती कुठून, असं मी विचारलं तर म्हणाले, "मी बी कोनाचा जावई होतोच ना वं."

सकाळी आल्याबरोबर पहिलं काम म्हणजे कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून आत साचलेलं पाणी सोडणं. "पोटात पानी घेऊन कोनाले काम होते का?" मग गनच्या बुडातून तेलाचे दोन थेंब. "दोनच. तिसरा थेंब लोभाचा." हा लोभाचा थेंब एकदा एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर उतरला होता म्हणे, तेव्हापासून ते थेंब मोठ्यानं मोजायचे. मग सगळे स्क्रू आवळून पाहणं, मग नळी बोटांनी चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाणं. एके दिवशी त्यांनी माझ्याकडे नेलपॉलिश मागितलं. मी चमकले. त्यांनी ते कॉम्प्रेसरवरच्या, हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाच्या काचेवर लावलं, एक लाल रेघ. "काटा हिच्या वर गेला का मले हाक मारायची. मी मेलेलो असलो तरी मारायची."

आणि चष्मे! शेडच्या दाराशी चार मोठे पारदर्शक चष्मे टांगलेले असत. आत पाऊल टाकणाऱ्यानं चष्मा घालायचा, मग तो पोस्टमन असो की पोलिस. ज्याला आधीच चष्मा आहे त्यानं चष्म्यावर चष्मा. एकदा एक नवरदेव सोफा पसंत करायला आठ-दहा माणसं घेऊन आला. काकांनी पहिल्या चौघांना चष्मे दिले आणि बाकीच्यांना बाहेर थांबवलं. "पाळीपाळीनं या. सोफा कुठं पळून नाही राह्यला." नवरीच्या मामानं रागानं विचारलं, "हवेच्या मशीनीले इतकं काय भ्यायचं?" काका म्हणाले, "हवा दिसत नाही म्हून ते नाही असं असते का? टायर फुटल्यावर इचारजा."

तर अशा ठिकाणी निजामाबादहून जावेद आला. वय तिशीचं, बायको आणि दोन पोरं गावी, राहायला कारखान्यामागची खोली. हात मात्र असा की पाहत राहावं. काकांची एक सीट होईपर्यंत त्याच्या दोन झालेल्या. त्याला दुसरी गन मिळाली. ही गन नवी होती. तिच्या नाकापुढे स्प्रिंगची एक जीभ होती. ती लाकडावर दाबली गेल्याशिवाय घोडा चालत नसे.

"काका, आपका जमाई सीधा है. मेरा वाला जरा तेज है," जावेद म्हणायचा.

"तेज जावई पयले मान खाते, मंग हात खाते," काका म्हणायचे.

"हौ काका, हौ," म्हणून तो हसायचा आणि चष्मा कपाळावर चढवायचा. काका तो खाली ओढायचे. दिवसातून हे दहा वेळा चालायचं.

अशात उटनूरच्या एका नव्या फंक्शन हॉलच्या खुर्च्यांचं काम आलं. रविवारी तिथं पहिलं लग्न होतं. राजन्ना सकाळ-संध्याकाळ "तोंदरगा, तोंदरगा" करत फिरायचा. हा तेलुगू 'लवकर लवकर' आमच्याकडे मराठी पोरांनाही दूध पिताना कळतो. आणि नेमका गुरुवारी ट्रान्सफॉर्मर जळला. करंट नाही, तर कॉम्प्रेसर नाही. कॉम्प्रेसर नाही, तर गन म्हणजे नुसतं लोखंड.

शेजारचा वेल्डर म्हणाला, "माझं सिलिंडर भरलेलं आहे. त्याला नळी जोडा. त्यातही हवाच."

राजन्नाचा चेहरा उजळला. जावेद नळी घेऊन उठला. काका उठले, दोन्ही गना खिळ्यावरून काढल्या, मांडीवर घेतल्या आणि अर्धवट भरलेल्या सोफ्यावर जाऊन बसले.

"काका, द्या ना," राजन्ना म्हणाला.

"राजन्ना, त्यात हवा नाही, आक्सिजन हाय. त्याले तेल भेटलं का भडका होते. आन् यात मी रोज दोन थेंब टाकून राह्यलो. तुमाले खुर्च्या पायजेत का सरन?"

"मालक मी आहे का तुम्ही?"

"मालक तुमीच. पन गना मी देत नाही."

राजन्ना संतापला. मराठी संपल्यावर तेलुगूत बोलला, तेही संपल्यावर पुन्हा मराठीत आला. "उद्यापासून कामावर येऊ नका!"

मी मशीनवरचे हात काढून घेतले. काकांचं वय पंचावन्न-छपन्न, दुसरीकडे कोण घेणार?

काका म्हणाले, "उद्याचं उद्या पाहू. आज तर आलो हाय." त्यांनी टेबलाखालून एक जुना पत्र्याचा डबा काढला, त्यातली हातोडी घेतली, मूठभर चुका तोंडात टाकल्या आणि पहिल्या खुर्चीला भिडले. तोंडात चुका असल्यामुळे आता त्यांच्याशी भांडताही येईना. राजन्ना थोडा वेळ उभा राहिला, मग बाहेर गेला. वेल्डर आपलं सिलिंडर घेऊन गेला. थोड्या वेळानं जावेद उठला आणि डब्यातली दुसरी हातोडी घेऊन काकांच्या शेजारी बसला. चुका मात्र तोंडात न धरता मुठीत धरल्या. दिवसभर नुसतं ठकठक.

दुसऱ्या दिवशी काका नेहमीसारखे आले आणि टाकीचं पाणी सोडलं. राजन्नानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. ते प्रकरण तिथंच मिटलं.

शनिवारी सकाळी करंट आला. निम्म्या खुर्च्या बाकी होत्या. जावेदनं गनच्या नाकापुढची ती जीभ सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं मागे बांधून टाकली, म्हणजे दरवेळी दाबायला नको. काका तेव्हा बाहेर खुर्च्या टेम्पोत चढवत होते, म्हणून त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. मी "भाईजान, ते..." म्हणालेही. "दो मिनट की बात है," तो म्हणाला.

मग पिन अडकली. त्यानं नळी न काढता गन डाव्या हातात धरली आणि उजव्या हातानं स्क्रूड्रायव्हर तिच्या नाकात घातला. डाव्या हाताचं बोट घोड्यावरच होतं. आवाज रोजचाच झाला, फक्त त्यामागून जावेदची किंकाळी आली. पिन त्याच्या उजव्या हाताच्या बोटांत रुतली होती, तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना शिवल्यासारखी.

काका धावत आले. आणि जावेदकडे न जाता आधी नळीकडे गेले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला! माणूस रक्तबंबाळ होऊन पडला आहे आणि यांचं आपलं फुस्स! मग मी खाली पाहिलं. गन जावेदच्या मांडीवर पडली होती, नाक त्याच्या पोटाकडे, आणि वेदनेनं आखडलेलं त्याच्या डाव्या हाताचं बोट अजून घोड्यावरच होतं.

नळी निघाल्यावर काकांनी त्याला मिठीत घेतलं. "काई नाही झालं, बाप्पा. काई नाही. मी हावो." पिनेला हात लावू दिला नाही कोणाला. हाताला स्वच्छ कापड गुंडाळलं आणि जीपनं त्याला आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. उरलेल्या खुर्च्या मंगळवारी पोचल्या. उटनूरचं लग्न निम्मं खुर्च्यांवर, निम्मं सतरंज्यांवर लागलं, आणि ऐकलं ते असं की जोडपं सुखात आहे.

सोमवारी आम्ही सगळे काकांच्या भाषणाची वाट पाहत होतो. राजन्ना तर मला हळूच म्हणाला, "आता महिनाभर ऐकावं लागेल." जावेद हाताचं गाठोडं घेऊन खोलीच्या दारात मान खाली घालून बसला होता. काका आले, ती ट्यूबची पट्टी गनवरून सोडली, खिशात टाकली आणि कामाला लागले. त्या गोष्टीवर एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.

दुपारी मात्र ते पितळेचा मोठा डबा घेऊन जावेदच्या खोलीत गेले. मी लोणचं द्यायला म्हणून मागून गेले, तर काका ज्वारीची भाकर अंबाडीच्या वरणात कुस्करत होते.

"मैं चमचे से खा लेता, काका."

"भाकर चमच्यानं खाते का कोनी? आ कर."

जावेद लाजला, पण त्यानं तोंड उघडलं.

हे रोजचं झालं. काका पहाटे उठून स्वयंपाक करू लागले. याआधी ते दुपारी हायवेवरच्या हॉटेलात दोन पुऱ्या खाऊन यायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादला होता आणि सणालाही क्वचितच यायचा. "एकट्यासाठी तवा तापवाचं जिवावर येते, पोरी," एकदा घास कालवता कालवता ते म्हणाले. "दोघं असले का चव लागते." आता ते मला विचारायचे की वांग्यात शेंगदाण्याचं कूट किती घालायचं, निजामाबादकडचे लोक चिंच जास्त खातात का. कामात गुणगुणायला लागले. एकदा तर माझ्या हाकेला वैतागून न पाहता हसून वळले.

तीन आठवड्यांनी पट्टी निघाली. त्या सकाळी माझ्या मशीनचा दोरा तुटला, तर जावेदनं येऊन त्याच दोन बोटांनी सुई पहिल्या झटक्यात ओवून दिली. "देखो, डॉक्टर बोला एकदम नया हाथ," म्हणाला आणि बोटं नाचवून दाखवली.

दुपारी काकांनी डबा उघडला. भाकरीचे दोन भाग केले, एक जावेदपुढे सरकवला. "घे. आता तुया हात मोकळा झाला." आवाज नेहमीसारखाच ठेवला होता त्यांनी. स्वतःच्या भागाला मात्र हात लावला नाही. नुसते पाण्याचा तांब्या इकडून तिकडे सरकवत राहिले.

जावेदनं भाकरीकडे पाहिलं, मग काकांकडे. उजवा हात वर केला, बोटं मिटायला गेला आणि मध्येच थांबून तोंड वाकडं केलं.

"मुडती नै, काका. अबी दर्द है."

"दवाखान्यात काय म्हनला डॉक्टर?"

"बोला, आठ दिन और लगते."

डॉक्टर असं काही म्हणाला नव्हता. मी लोणच्याची बरणी घेऊन दारात उभी होते. जावेदनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी बरणीचं झाकण घट्ट लावायला लागले.

"मले वाटलंच," काका म्हणाले आणि त्यांनी भाकर लगबगीनं आपल्याकडे ओढून घेतली. "इतक्या लवकर कसा होईन बरा? डॉक्टर लोकाले काय, पट्टी काढली का मोकळे." त्यांनी वरण ओतलं, भाकर कुस्करली, वर मिठाचा खडा चोळला. "आ कर."

आणि दोन लेकरांच्या त्या बापानं डोळे मिटून मोठ्ठा आ केला.