दामूकाकांचा टाइपरायटर

बिघडलेल्या वस्तूसमोर बसले की दामूकाका आधी डोक्यावरची टोपी काढून ठेवत आणि विचारत, "काय दुखून राह्यलं तुले?" मग तो कंदील असो, कुलूप असो, नाहीतर माझं शिवणयंत्र. भंगारात टाकू म्हटलं की चिडत. "मेलं नाही बाई ते, थकलं हाये!"

तुम्ही जुन्याच लॅपटॉपला नवी बॅटरी बसवलीत हे कळलं आणि काका आठवले. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. मी चिखलीला शाळेत शिकवत होते, काका शेजारी एकटेच राहत. त्यांचा उजवा हात कापायचा, पेन धरवत नसे. सोनाळ्याला दिलेल्या मुलीला, कुसुमला, त्यांची पत्रं मीच लिहायची. ते सांगत एवढंच : "इकडे सर्व खुशाल. ज्वारी बरी."

ते पूर्वी जिथे कारकून होते त्या ऑफिसात मराठी टाइपरायटर आला आणि मोडका इंग्रजी अडगळीत गेला. काकांनी तो घरी आणला. कडक झालेल्या रोलरवर सायकलची ट्यूब चढवली. खामगावच्या भंगारातून छापखान्यातले मराठी अक्षरांचे खिळे पुडीत बांधून आणले आणि ते टाइपरायटरच्या काड्यांवर झाळून, म्हणजे डाग देऊन घ्यायला थेट सोनाराकडे गेले.

"काका, इथं नथी बनतात," सोनार म्हणाला.

"मंग हा काय कमी दागिना हाये बे?"

अक्षरं त्यांनी अंकलिपीच्या क्रमानं लावून घेतली. टाइपिस्टांचा क्रम वेगळा असतो, असं मी सांगून पाहिलं.

"काऊन? क च्या मागं ख नाही, तं काय ह येईन?"

सोनारानं 'च' उलटा झाळला होता. "शीर्षासन करून राह्यला, करू द्या."

"काका, एवढा खटाटोप कशाला? पत्रं मी लिहितेच की."

"तुमचं अक्षर लय सुंदर हाये, बाई," एवढंच म्हणाले आणि मान खाली घालून स्प्रिंगला तेल देऊ लागले.

एका दुपारी भाजीची वाटी घेऊन गेले, तर काका डाव्या हाताच्या एका बोटानं टकटक करत होते. मला पाहताच त्यांनी डोक्यावरची टोपी काढून कागदावर झाकली. तरी एक ओळ दिसलीच :

'कुसुम, तू गेल्यापासून रोज चहा दोन कपच होतो. सवय जात नाही.'

'च' दोन्ही ठिकाणी डोक्यावर उभा होता.

मी वाटी ठेवून निघून आले. त्या पत्राला उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी सकाळच्या एसटीतून कुसुमच उतरली.