भोकाई आणि यासीनभाईंचं कारंजं

मी एकदा कारंज्याच्या तोंडाला देवी करून ठेवलं, हे आधीच सांगून टाकते. नवी नवरी होते. सासूबाई म्हणाल्या, गावात शिरताना देवीला हळद-कुंकू वाहा. देवी कुठली, हे विचारायची लाज वाटली, कारण माहेरी मी फार हुशार गणली जायचे. जहागीरदाराच्या पडक्या बागेबाहेर, वेशीपाशी रस्त्याकडेला एक पाकळ्या कोरलेला दगड दिसला, वर डोक्यात भोक. ओतलं त्याच्यावर कुंकू. मागच्या बायांना वाटलं, नवरीच्या माहेरची रीत असेल. त्यांनीही ओतलं. खरी देवी पुढं लिंबाखाली कोरडीच राहिली. हळूहळू दगडाला शेंदूर चढला, 'भोकाई' नाव पडलं, ती हरवलेल्या म्हशी शोधून देऊ लागली. स्वतःच्याच मूर्खपणापुढं नारळ फोडणारी बाई पंचक्रोशीत मी एकटीच.

हे सगळं उकरून काढलं आमचे शेजारी यासीनभाई यांनी. एसटीत कंडक्टर होते. रिटायर होताना तिकिटाचा चिमटा डेपोत जमा केला आणि दुसऱ्याच दिवशी हिंगोलीच्या भंगारातून दुसरा आणला. विचारात पडले की खिशात टिकटिक सुरू. आणि तोंडी एकच वाक्य, "पुढं सरका, पुढं जागा हाय." शेळ्यांना तेच, गल्लीतल्या पोरांना तेच. मयतीच्या घरी बसायला गेले तरी दारातल्या गर्दीला तेच.

बाग निजामाच्या काळातली. जहागीरदारानं हैदराबादेहून गुलाब आणले, मोटेनं पाणी उंच टाकीत चढवलं आणि हौदात कारंजं उडवलं. निजामी गेली, जहागीरदार हैदराबादेला गेले, बाभळी आत आल्या. गावानं हौदात म्हशी सोडल्या. अलीकडं पंचायतीला बाग नीट करायची हुक्की आली. कमिटी नेमली. मीटिंगला यासीनभाई एकटेच गेले, म्हणून तेच अध्यक्ष.

बायको हमीदाबी वारल्यापासून त्यांना घर खायला उठायचं. त्यांनी मुक्कामच बागेत हलवला. बाभळी तोडल्या, आळी केली, गुलाब लावले. जुन्या कामाला जुनाच माल पाहिजे म्हणून चुन्यात गूळ कालवून हौदाच्या भेगा बुजवल्या. गुळाला मुंग्या आल्या. मुंग्यांनाही सांगितलं, पुढं सरका.

सगळं झालं, कारंजं तेवढं उडेना. वरचा दगडच नव्हता, नळ फुटल्यासारखं पाणी नुसतं भळभळायचं. यासीनभाईंनी कुकरची शिट्टी बसवून पाहिली. जवळा बाजार गावातून फवारणी पंपाचं नोझल आणलं, त्यानं सरपंचाचं तोंड धुतलं. तोंड पुसत सरपंच म्हणाले, उद्घाटनापर्यंत कारंजं उडालं तर ठीक, नाही तर हौद मुरुमानं बुजवून वर सेल्फी पॉइंट करू. यासीनभाई त्या दिवशी जेवले नाहीत. मी भाकरी घेऊन गेले तर हौदात उतरून कारंज्याचा चबुतरा घासत बसलेले. बुजवायचंच आहे तर घासता कशाला, म्हटलं. तर म्हणाले, बुजवला तरी साफ बुजवला पाहिजे.

घासून वर आलेल्या चबुतऱ्याच्या पाकळ्या पाहिल्या आणि भाकरी काठावर ठेवून मी खाली वाकले. अगदी अशाच पाकळ्यांना मी आयुष्यभर हात जोडले होते.

लपवून काय करणार? सांगितलं. म्हटलं, यासीनभाई, तुमचं कारंजं वेशीवर शेंदूर लावून बसलंय आणि बसवणारी मी. पण घाबरू नका. बायांना सांगते, भोकाई स्वप्नात आली, तहान लागली म्हणाली, हौदात न्या म्हणाली. वाजतगाजत आणून बसवतील बघा. पहिली थाप नकळत मारली होती, ही ठरवून मारते. मला वाटलं, माणूस आनंदानं उडीच मारेल.

ते हसलेसुद्धा नाहीत. हाताचा चुना लुंगीला पुसला, वेशीकडं बघितलं आणि म्हणाले,

"वैनी, तो दगड इथला हाय, मला पयल्या दिवसापासून ठाऊक हाय. पर आमची हमीदा दर जुम्म्याला चोरून तिथं उदबत्ती लावायची, लेकरासाठी. लेकरू काई झालं न्हाई, तरी लावत राहिली. आता मी लावून राहिलो. कारंजं न्हाई उडलं तं न्हाई उडलं. तुमी स्वप्न-बिप्न पाहू नका."