मिडल पास माणसानं चूल घासली

बोरीत तेव्हा आम्ही तिघंच मिडल पास होतो. एक परभणीला वकिलाकडे कारकून झाला, दुसऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, आणि तिसरा मी! त्यामुळे गावात अकलेचं काम निघालं की ते माझ्याकडंच यायला पाहिजे, अशी माझी पक्की समजूत होती. लोकांची नव्हती. पण लोकांना कोण विचारतो!

त्या साली कापसाची वेचणी सुरू असताना गंगाखेडच्या दिनकररावांचा निरोप आला. मोठं घर, नदीकाठची जमीन, मुलगा एकुलता. आमच्या झुंबरला अठरावं लागलेलं. त्या काळात अठरा म्हणजे भावकीच्या तोंडाला रोजचा पानसुपारीचा विषय. माझा चुलत भाऊ आप्पाराव, गावचा पोलीस पाटील, दर दोन दिवसांनी ओसरीवर येऊन विचारायचा, "लिंबाजी, पोरगी घरातच ठिवायची हाय का रं?" स्वतःची कमळ सोळाची झाली होती, ते मात्र तो कधी बोलायचा नाही.

निरोप असा होता : 'सोमवारी येतो. घरची मंडळी संगं हायत. बायामान्सं आधी चूल बघत्यात, मग पोरगी.'

झालं! मी लगेच कंबर कसली.

"स्वयंपाकघर साफ कराया लागंल," मी बायकोला म्हणालो.

मनकर्णा भाकरी थापत होती. थापायची थांबली. "का वो? माझी चूल काय उकिरडा हाय?"

"तसं न्हाई. पण मोठी मान्सं हायत."

"मग परभणीला चाललावच तर चिंच आना, पांढरी माती आना, आन झाडायला दोन फडे आना. राख घरची हाय. शेण घरचं हाय. दुसरं काई आनू नका."

दुसरं काही आणू नका! मिडल पास माणसाला असं सांगायचं असतं का?

परभणीच्या बाजारात राधाकिशन शेटच्या दुकानात मी चिंच मागितली, तेव्हा तो हसला. "पाटील, हैदराबादेत मोठ्या कोठीत आता चिंच कोन वापरतं?" असं म्हणून त्याने माझ्यापुढं सामान मांडलं. धुण्याचा सोडा. गंज काढायचा तारेचा ब्रश, जिनिंगमध्ये यंत्रं घासतात तसला. आणि काळ्या फिनेलच्या दोन बाटल्या.

"बादलीभर पान्यात एक झाकन," त्याने बजावलं.

मी मान डोलावली आणि मनात हिशेब केला : झाकणानं जर बादलीभर काम होतं, तर अख्ख्या बाटलीनं काय होईल!

रविवारी मनकर्णा आणि झुंबर वेचणीला गेल्या, तशी मी गड्याला, मुंजाजीला, हाक मारली. घरात तिसरी फक्त माझी थोरली बहीण दगडाबाई. विधवा, प्रेमळ, आणि डोळ्यांनी इतकी अधू की एकदा मांजराला 'पाव्हनं, बसा' म्हणाली होती.

आधी सोडा. मुंजाजीने हातांनीच कालवला. तासाभरात त्याच्या बोटांची सालं निघाली.

"मालक, आग व्हायलीय!"

"मळ निघायलाय, मळ! गप घास."

मग भांडी. पितळी पातेली बाहेरून पिवळी, पण आतून सगळी पांढरट! मला शरम वाटली. वीस वर्षं आपण असल्या भांड्यात जेवलो? मी स्वतः ब्रश हातात घेतला. दात-ओठ खाऊन घासलं, आणि काय सांगू, आतूनही सोन्यासारखं पिवळंधमक दिसायला लागलं!

मुंजाजी हळूच म्हणाला, "मालक, ती कल्हई तर नसंल? आंबट कळकू नये म्हनून लावत्यात ती?"

"तू किती शिकलास रं?"

"न्हाई शिकलो."

"मग?"

तो पुन्हा घासायला लागला. आयुष्यात मी जिंकलेला तो शेवटचा वाद.

शेवटी फिनेल. एक बाटली मी तशीच, पाणी न घालता, सारवलेल्या जमिनीवर रिकामी केली. जमिनीनं ती गटागटा पिऊन टाकली. अर्ध्या तासात घरात उभं राहवेना. गोठ्यातला बैल दावं तोडून पळाला. मला वाटलं, हाच स्वच्छतेचा वास!

दिवस कलताना मनकर्णा आली ती दारातच थबकली. पदर नाकाला. "घरात कोन मेलं?"

"कोन मरतंय? साफ केलंय!"

"दोन सालामागं पटकी आली तवा दवाखान्याची मान्सं हेच शिपडत व्हती. गावातली सात मान्सं गेली तवा. हाच वास!" ती आत गेलीच नाही. अंगणात तीन दगड मांडून तिने भाकरी टाकल्या. दगडाबाईनं मात्र सवयीनं आत जाऊन दुपारचं ताक एका पातेल्यात ओतून झाकून ठेवलं. तिला वास येत होता, पण पातेल्याचा रंग दिसत नव्हता.

सोमवार उजाडला. झुंबरचा उपास. मनकर्णा पाण्याला गेलेली. मी, दगडाबाई आणि मुंजाजी, आम्ही तिघांनी शिळी भाकरी ताकात कुस्करून पोटभर खाल्ली. ताक जरा हिरवट वाटलं. मी म्हणालो, "मिरचीचं असंल."

अर्ध्या तासात दगडाबाई ओकली. मग मी. मग मुंजाजी, आणि तो बिचारा लाजून बाहेर पळाला. पळाला तो नेमका आप्पारावाच्या दारापुढं जाऊन ओकला!

आप्पाराव आला. आमच्या फाटकापाशी थांबला, उपरणं नाकाला लावलं, एकदा वास घेतला, एकदा माझ्याकडं बघितलं.

"हैजा! पटकी!"

"आरं हैजा न्हाई, ताक कळकलंय! वास फिनेलचा हाय!"

"हैजा न्हाई, तर फिनेल कशाला?"

याचं उत्तर द्यायला मी तोंड उघडलं, आणि तोंडातून उत्तराऐवजी ताक आलं.

कुणाची बैलजोडी चोरीला गेली तर रिपोट लिहायला ह्या आप्पारावाला चार दिवस लागतात. दौत सापडत नाही, मग बोरू सापडत नाही. त्या दिवशी घटकेत घोडेस्वार जिंतूरला निघाला! वेशीवर काठी आडवी पडली. दवंडी फिरली : लिंबाजी पाटलाच्या घरी पटकी लागली हो!

दुपारच्या आत पाहुण्यांची दमणी, दोन बैलांची हलकी गाडी, आली. आमच्या ओसरीवरून वेस दिसते. मी बघतोय : दमणी थांबली, आप्पाराव पुढं झाला, हात जोडले, काहीतरी बोलला. मी उठलो, "दिनकरराव!" म्हणून ओरडलो, आणि पुन्हा ओकलो. त्यांना माझा आवाज ऐकू आला नसेल, पण बाकीचं सगळं दिसलं. दमणी गर्रकन वळली. आल्या वाटेनं मात्र गेली नाही. आप्पारावाच्या मळ्याकडं गेली. पाहुण्यांना गावाच्या वेशीवरून उपाशी कसं पाठवायचं, असं तो नंतर म्हणाला. मोठा मायाळू!

झुंबर हिरवं लुगडं नेसून माजघरात बसली होती. सकाळपासून बसलेली. तिने आतूनच विचारलं, "बाबा, पाव्हने आले का?"

मी म्हणालो, "यायलेत."

मनकर्णानं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांनी माणूस भाजतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी जिंतूरच्या दवाखान्यातून कंपौंडर आला. संगं दोन शिपाई. त्याने आमच्या जिभा बघितल्या, पोटं दाबली, पातेलं उलटं करून उजेडात धरलं आणि कपाळाला हात लावला.

"पटेल, कल्हई कायको निकाले?"

"साफ करायला, साहेब."

"हैजा-वैजा कुछ नहीं. पीतल का जहर है."

मी आनंदानं उडालोच! "मग तसं लिवा ना, साहेब!"

"कैसा लिखूँ? पोलीस पटेल की रिपोट तहसील में पहुँच गई. अब हैजा हैच."

आणि सरकारी हुकमाप्रमाणं काम सुरू झालं. चूल फोडली. रांजण, माठ, गाडगी, सगळी अंगणात आपटली. लोणच्याची बरणी खड्ड्यात पुरली. भिंतींवर चुन्याचं पाणी मारलं, पिठाच्या डब्यावरही मारलं. शेवटी सरकारी फिनेल संपलं, तेव्हा शिपायाला फडताळात माझी दुसरी बाटली सापडली. "वा पटेल, बडे समझदार आदमी हो!" म्हणून त्याने तीही ओतली. मिडल पास म्हणून मला मिळालेली तेवढीच दाद.

मनकर्णा अंगणात उभी राहून बघत होती. तिच्या वीस वर्षांच्या स्वयंपाकघरात चार भिंती तेवढ्या उरल्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "आता झालं साफ."

मग दहा दिवस आम्ही शेतातल्या खोपीत. त्या दहा दिवसांत ती माझ्याशी बोलली नाही. मी तिला कल्हई कशी करतात ते विचारून पाहिलं, तेव्हा तर तिने खोपीच्या दुसऱ्या बाजूला तोंड करून जेवायला सुरुवात केली.

गावात परत आलो तर आप्पारावाच्या दारापुढं मांडवाची मेढ रोवलेली! कमळचं ठरलं होतं. दिनकररावांच्या घरीच. मळ्यात पाहुण्यांना जेवायला कमळनंच वाढलं म्हणे.

मी दिनकररावांना चिठ्ठी लिहिली. शाळेत शिकलेल्या चांगल्या उर्दूत, मुद्देसूद : फिनेल, ब्रश, ताक. उत्तर आलं नाही. खरं सांगायचं तर लिहून झाल्यावर मी ती वाचून पाहिली, तेव्हा मलाच माझ्या घरी पोरगी बघायला जावंसं वाटलं नाही.

भावकीतलं लग्न, जाणं भाग होतं. मनकर्णा आणि झुंबर आल्या नाहीत. दगडाबाईला कुणी विचारलंच नाही. मी एकटा गेलो. पंगतीला बसलो, तेव्हा वरबापानं वाढप्याला विचारलं, "हे कोन?" तो म्हणाला, "हेच ते, पटकीवाले." माझ्या डावीकडची पत्रावळ वीतभर सरकली. मग उजवीकडची. मी मान खाली घालून जेवलो. करतो काय? उठलो असतो, तर म्हणाले असते, पुन्हा लागली!

घरी आलो तर झुंबर अंगण झाडत होती. झाडता झाडताच म्हणाली, "बाबा, कमळ कशी दिसत व्हती?"

"दिसली न्हाई गं. गर्दी लय व्हती."

"आन जेवाया काय व्हतं?"

"काई न्हाई. साधंच."

ती हं म्हणाली आणि झाडत राहिली.

कमळ दिसली होती. चांगली दिसत होती. आणि बुंदी तर अशी झाली होती म्हणता, मी तीनदा मागून घेतली! पण हे मी घरात बोललो नाही. तुम्हीही बोलू नका.