सत्यमापन परवाना आणि हवालदारांचे कान

राज्यातील कोणाही इसमास यंत्राद्वारे दुसऱ्या इसमाचे खोटे पकडावयाचे असल्यास त्याने रीतसर परवाना काढला पाहिजे, असा नियम झाला आणि तीन वर्षांनी त्याची एक प्रत कराडजवळच्या एका साखर कारखान्यातही येऊन पडली. नियमात नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. भजी तळायला परवाना लागतो, तर माणसाला खोटारडा ठरवायला का लागू नये?

कारखान्याने पॉलिग्राफ यंत्र आधीच आणून ठेवले होते. श्वास, घाम आणि नाडी मोजून ते कागदावर रेघ काढते. माणूस खरे बोलला की रेघ सरळ, खोटे बोलला की उसळते. चेअरमन धैर्यशीलरावांनी ते उसाच्या वजनकाट्यावरच्या कामगारांसाठी घेतले होते. संचालक मंडळालाही त्यावर बसवावे, असे एक सभासद वार्षिक सभेत उठून म्हणाला, पण नेमका तेव्हाच माइक बंद पडला.

यंत्र चालवायला माणूस हवा होता, तोही सचोटीचा. शोधाशोध करावी लागली नाही. गेटवर पंधरा वर्षे उभे असलेले नाथाजी हवालदार, रहिमतपूरकडचे, लष्करात सिग्नलमध्ये नोकरी केलेले, यांना खोटे बोलताच येत नसे. बोलले की कान लालभडक होत. ग्रामपंचायतीला उभे राहिले तेव्हा मतदारांनी विचारले, "रस्ता करनार का?" हे म्हणाले, "करनार," आणि कान पेटले. पडले, पण गावात मान राहिला.

"हवालदार," चेअरमन म्हणाले, "गव्हाणीत मोळी पडून गाळप सुरू व्हायच्या आत परवाना आणा. खुर्ची तुमची. न्हाईतर दुसरा कोनतरी बसंल आन् तुमी हाय तितंच."

खुर्चीला हात होते, वर पंखा होता आणि नाथाजींचे गुडघे सत्तावन्न वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते सांगलीला गेले.

विभागीय सत्यमापन कार्यालयातील लिपिक जयराज याने कागदांची यादी वाचून दाखवली. "दोन वर्षांचा अनुभव लागतोय."

"परवान्याशिवाय मशीन चालवलं तर चालतंय का?"

"सहा महिने आत."

"मग अनुभव कुठनं आनायचा?"

"दाखला आणायचाय, हवालदार. अनुभव कोन मागतंय?"

दाखला समोरच्या गल्लीत मिळाला. पुढे 'मी आजवर कधीही खोटे बोललेलो नाही' असे प्रतिज्ञापत्र हवे होते आणि त्यावर अर्जदारास किमान वीस वर्षे ओळखणारा साक्षीदार. कार्यालयाबाहेर चहाची गाडी लावणारा भाऊसो गेल्या तीन वर्षांपासून सर्व अर्जदारांना वीस वर्षे ओळखत होता. सही करता करता त्याने विचारले, "नाव काय म्हनलासा?"

दहा आठवड्यांचे प्रशिक्षण यथासांग पार पडले. वापरून खराब होऊ नये म्हणून यंत्रावर प्लास्टिकचे आवरण होते, त्यामुळे फळ्यावर काढलेल्या यंत्राची बटणे दाबून सराव करण्यात आला. आवरण फक्त परीक्षेच्या दिवशी निघाले. परीक्षेचा नियम मात्र मानला पाहिजे. जो दुसऱ्याचे सत्य मोजणार, त्याने आधी स्वतः यंत्रावर बसायचे. तीन प्रश्न, उत्तरे कागदपत्रांप्रमाणे आणि रेघ सरळ.

उपसंचालक संयोगिता मॅडमनी नाव विचारले. रेघ सरळ. गाव विचारले. सरळ. मग त्यांनी जन्मतारीख विचारली.

"एक जून," नाथाजी म्हणाले.

रेघ अशी उसळली की पेन कागदाबाहेर गेले. कान टोमॅटोसारखे झाले.

त्यांचा दोष नव्हता. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून गुरुजींनी सगळ्या गावाचा जन्म एक जूनला लावून टाकला होता. नाथाजी खरे जन्मले कोयनेच्या भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी. घरात निजायला कोणी धजत नव्हते, म्हणून त्यांची आई बनुबाई शेतात उसाच्या पाचटाच्या मांडवाखाली बाळंत झाली. ही गोष्ट आईने इतक्यांदा सांगितली होती की तो मांडव नाथाजींना स्वतः बघितल्यासारखा वाटे.

"चुकलं, मॅडम. तेरा डिसेंबर."

रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ आली. मॅडमनी ती पाहिली आणि शेरा लिहिला. "रेघ खरी आहे, पण उत्तर चुकीचं आहे. कागदावर एक जून आहे."

"कागद खोटा हाय, मॅडम."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हवालदार, कागद खोटा असता तर त्यावर शिक्का असता का?"

तुकडीतल्या तेवीस उमेदवारांपैकी एकोणीस जणांचा जन्म एक जूनचा होता आणि नाथाजी सोडून एकाचीही रेघ हलली नव्हती. मॅडमचाही एक जूनचाच. त्या दिवशी कार्यालयात केक कापतात. नावे लिहायला जागा पुरत नाही म्हणून त्यावर नुसते 'सर्वांना' असे असते.

"खोटं बोला असं मी सांगू शकत नाही. मी सत्यमापनात आहे," मॅडम म्हणाल्या. "पण कागदावर जे आहे ते मनापासून म्हणायला शिका. एक महिना देते."

स्टँडवर बिराप्पा भेटला. जतकडचा मेंढपाळाच्या घरातला, याच तुकडीतला, पहिल्या फटक्यात पास झालेला.

"मामा, आमच्यात बिरोबाचा भंडारा उचलला की मानूस खोटं बोलत न्हाई. हितं शिक्का बसला की खरं बोलायची सोय ऱ्हात न्हाई."

"मग तू कसा सुटलास रं?"

"मला माजी खरी तारीक म्हाईतच न्हाई. लय सोपं गेलं." मग तो जवळ सरकून म्हणाला, "एक जून म्हनताना तुमाला त्यो मांडव दिसतोय. त्यो दिसू देऊ नगा."

नाथाजींना हे ऐकून वाईट वाटले. पण गुडघ्यांना बरे वाटले. दुसऱ्या दिवसापासून गेटमधून आत जाणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला सलाम करताना ते पुटपुटू लागले, "एक जून." पहिल्या आठवड्यात कान भाजून निघाले. जोडीला त्यांनी किरकोळ सराव धरला. कॅन्टीनचा चहा झकास आहे. चेअरमनसाहेबांचे भाषण मुद्देसूद होते. साहेब आत घोरत असताना बाहेरच्या शेतकऱ्याला सांगायचे, "साहेब मीटिंगमदी हायत." तिसऱ्या आठवड्यात कान कोमट झाले. महिना संपता संपता ते माठासारखे गार पडले.

दुसऱ्या परीक्षेत रेघ जराही हलली नाही. "इतकी स्वच्छ रेघ आमच्या विभागात अजून निघालेली नाही," असे म्हणून मॅडमनी परवाना दिला. त्यावर नाथाजींचा फोटो होता आणि खाली छापले होते : धारकाचे म्हणणे सत्य मानण्यात यावे.

घरी ओट्यावर बनुबाई बसली होती. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लहानपणी नाथाजीने गूळ चोरला का, हे ती तोंडाकडे न बघता त्याचा कान धरून सांगे. डोळे गेल्यापासून तर तिला दुसरे साधनच उरले नव्हते.

"आये, परवाना मिळाला."

तिने चाचपत कान धरला. "खरं बोलून मिळाला न्हवं?"

"व्हय."

कान गार. म्हातारी हरखली. पोराचे कौतुक पुन्हा एकदा ऐकावे म्हणून तिने मुद्दाम विचारले, "आन् जल्म कवाचा म्हनून सांगितलंस रं?"

"एक जूनचा."

कान गारच. तिने दुसरा धरून पाहिला. तोही गार. "मंग भुईकंपात, मांडवात मी बाळंत झाले ती कुनाला?"

नाथाजींनी मांडव आठवून पाहिला. पाचट आठवेना, काही आठवेना. ते आदबीने म्हणाले, "त्याची नोंद न्हाई, आये."

बनुबाईने हात काढून घेतला. "आता मला कळायचं कसं रं?" एवढेच ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

गव्हाणीत मोळी पडली आणि नाथाजी पंख्याखाली बसले. पहिलाच माणूस आला तो वजनकाट्यावरचा गुंडा नावाचा कामगार. "काटा बरोबर आहे का?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "न्हाई. शेतकऱ्याचा ऊस कमी दावतोय." रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ. नाथाजींनी फाईल उघडली. कागदोपत्री काटा बरोबर होता, वर शिक्काही होता. त्यांनी शेरा मारला : रेघ खरी, उत्तर चुकीचे. गुंडाला त्याच दिवशी गेटवर उभे केले. ती जागा नुकतीच रिकामी झाली होती.

नाथाजींना नावे ठेवण्याआधी वाचकांनी फक्त एक करावे. 'वर दिलेली सर्व माहिती खरी आहे' या ओळीखाली आपण शेवटची सही कधी केली ते आठवावे आणि आपल्या कानाला हात लावून बघावा. गार लागला तर काळजीचे कारण नाही. अर्ज सांगलीला मिळतो, आणि भाऊसो आपल्याला गेली वीस वर्षे ओळखतो.