दोन किलो साखरेवर बीड

आमच्या दिंद्रुडच्या मन्मथअप्पांना बीड किती लांब आहे असं विचारलंत, तर ते किलोमीटर सांगत नाहीत. "दोन किलो साखर," असं सांगतात. ऐकणारा गोंधळला की त्यांना मनापासून आनंद होतो. मग ते त्याला दुकानाच्या पायरीवर बसवून घेतात.

"हे बगा, बीडला जाऊन माघारी यायला माजी गाडी जेवडी लाईट खाती, तेवड्या पैशात दोन किलो साखर येती. आन् पेट्रोलची गाडी असल तर? गोडेतेलाचा पाच लिटरचा डबा! आता डबा वतायचा का साखर द्यायची, तुमीच सांगा. हिसाब हाय, हिसाब!"

अप्पांचं घर नि किराणा दुकान एकाच वास्तूत, आणि ती वास्तू नि माझं मेडिकल यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही एका विटेची. त्यामुळे हा हिसाब मी गिऱ्हाइकागणिक ऐकते. माजलगाव म्हणजे एक लिटर दूध. तेलगाव म्हणजे मोठा बिस्किटपुडा. कपिलधार म्हणजे साखर आणि वर पावशेर शेंगदाणे. जन्म किराण्यात गेलेला माणूस, त्याला अंतरसुद्धा तागडीत घातल्याशिवाय समजत नाही.

पांढरी इलेक्ट्रिक गाडी आणली त्या दिवसापासून अप्पा गावाचे सारथी झाले. कोणी बाजाराला निघालं, कोणी दवाखान्यात, कोणी देवाला, की अप्पा गल्ल्यावरून उठलेच. पैसे घेत नाहीत. कुणी द्यायला लागलं तर म्हणतात, "बिस्किटाच्या पुड्याचे पैसे काय घिऊ तुज्याकडून?" माझा मात्र फायदा झाला. ही गाडी आवाज करत नाही, नुसती सुळकन पळते, आणि आमच्या गावाला धडधडणाऱ्या गाडीची सवय. पहिल्या महिन्यात निम्म्या लोकांना मळमळलं. गाडी लागायच्या गोळ्या मी आयुष्यात एवढ्या विकल्या नव्हत्या.

लग्नाची पत्रिका आली की अप्पा मुहूर्त बघत नाहीत, जेवायला काय आहे हेही विचारत नाहीत. "मांडवात पंधराचा पॉइंट हाय का?" एवढंच विचारतात. पंधरा अँपियरचा, जाड पिनेचा, गाडी चार्ज करायला. डिकीत वायरचं हे मोठं भेंडोळं कायम. एका लग्नात त्यांनी आचाऱ्याच्या मिक्सरशेजारी गाडी जोडली आणि ऐन मंगलाष्टकांत मांडवातले पंखे, दिवे, माईक सगळं एकदम गेलं. वरबाप हातात अक्षता घेऊन धावत आला. अप्पा शांतपणे म्हणाले, "गुरुजींचा गळा चांगला हाय की. माईक कावून लागतो?"

बाहेर पैसे देऊन गाडी चार्ज करणं त्यांना मंजूर नाही. एकदा श्रावणी सोमवारी चार बायकांना घेऊन ते कपिलधारला गेले होते. आदल्या रात्री लाईट नव्हती म्हणून गाडी पुरती भरली नव्हती. येताना हायवेवरच्या एका हॉटेलात चार्जर होता. त्या यंत्राने आधी मोबाईल मागितला, मग मोबाईलवर आलेले आकडे मागितले, आणि शेवटी युनिटचा भाव दाखवला. घरच्या भावाच्या दुपटीहून जास्त! अप्पांनी तिथेच पिन उपसली. "ही काय लाईट हाय? हॉटेलातलं वरन हाय हे! घरी वगराळंभर हुतं तेवड्यात हितं वाटी देत्यात!" मग एसी बंद करून, बैलगाडीच्या चालीने, घामाघूम झालेल्या चार बायकांना त्यांनी अंधार पडता पडता गावात आणलं. त्या बायका आजही महादेवाच्या आधी त्या प्रवासाचं वर्णन करतात.

सगळं गाव या गाडीत बसून झालं. मी महिन्याला माल आणायला बीडला त्यांच्याबरोबरच जाते. बसल्या नव्हत्या फक्त शकूकाकू. म्हणजे अप्पांची बायको.

रोज सकाळी अप्पा गाडी पुसायचे आणि काकूंच्या बाजूचं दार उघडं ठेवायचे. काकू ओसरीवर तांदूळ निवडत असायच्या. "चल की गं, तेलगावाला चक्कर मारून यिऊ. बिस्किटाचा पुडा!" काकू मान वर करायच्या नाहीत. थोड्या वेळाने अप्पा दार लावून घ्यायचे, आवाज न करता.

लोकांना वाटायचं, काकूंना गाडी लागते म्हणून बसत नाहीत. गाडी लागायची हे खरंच. पण तेवढंच नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.

अप्पांकडे आधी पेट्रोलची एक जुनी गाडी होती. ती ताडपत्रीखाली असायची. दर सोमवारी पूजा झाली की अप्पा ताडपत्री काढायचे, बाटलीतून आणलेलं पेट्रोल टाकीत ओतायचे, पाच मिनिटं गाडी चालू ठेवून पुन्हा बंद करायचे. बॅटरी उतरू नये म्हणून. तेवढी पाच मिनिटंही त्यांचा जीव टांगणीला लागायचा. कुठे जायचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर: "पेट्रोल काय नळाला येतंय का?" लग्नकार्याला ते एसटीने जायचे आणि गाडी घरी झाकलेली आहे याचं समाधान सोबत न्यायचे.

काकूंची मोठी बहीण, गोदाक्का, गेवराईकडे चकलांब्याला दिलेली. आई लवकर गेल्याने काकूंना तिनेच वाढवलं. दरसाल ज्वारी हुरड्यात आली की गोदाक्काचा फोन यायचा, "शके, हुरड्याला ये गं." एसटीने जायचं तर तीन गाड्या बदलायच्या, आणि काकूंना पहिल्याच गाडीत उलट्या सुरू व्हायच्या. म्हणजे घरची गाडी काढली तरच जाणं.

फोन आला की काकू माझ्या काउंटरवर यायच्या. खाली मान घालून म्हणायच्या, "एक गाडी लागायची गोळी दे बाई. चकलांब्याला जायचं म्हनत्यात." मी पाकिटातून एक गोळी कापून द्यायची. त्या पदराच्या टोकाला बांधून न्यायच्या. मग संध्याकाळी भिंतीपलीकडे हिसाब चालायचा. चकलांबा म्हणजे तेलाचे जवळजवळ दोन डबे. "पुडच्या साली जाऊ की. अक्का कुटं पळून चालली का?" दुसऱ्या दिवशी काकू परत यायच्या आणि पदराची गाठ सोडून गोळी काउंटरवर ठेवायच्या. "घे बाई परत. न्हाई जायचं." कापलेली गोळी परत घ्यायची नसते. मी घ्यायची. आणि भिंतीकडे तोंड करून अप्पांना मनातल्या मनात जे काय म्हणायची ते इथे लिहिता येणार नाही.

असं किती हिवाळे चाललं कोण जाणे. मग एका सकाळी चकलांब्याहून फोन आला, तो हुरड्याचा नव्हता. गोदाक्का पहाटे गेली होती.

त्या सकाळी अप्पांनी हिसाब केला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी ताडपत्री ओढून फेकली, काकूंना बसवलं आणि गाडी काढली. ती वेशीपलीकडे जाऊन बंद पडली. टाकीत होतं ते सोमवारच्या पाच मिनिटांपुरतं. अप्पा एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून गावच्या पंपावर गेले, तर तिथे टँकर यायचा होता. मग तेलगाव. हातात तीच बाटली. काकू तेवढा वेळ रस्त्याच्या कडेला गाडीत बसून होत्या. मी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. गोळी हवी का, असंही विचारायचं धाडस मला झालं नाही. चकलांब्याला पोचले तेव्हा माती होऊन गेली होती. लोक हातपाय धुऊन बसले होते.

काकू रागावल्या नाहीत, भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त त्यानंतर त्या अप्पांच्या गाडीत बसल्या नाहीत. अप्पांनी जुनी गाडी विकली, काही महिन्यांनी ही नवी आणली. गाव म्हणालं, पेट्रोलच्या भावाने अप्पांचं डोकं फिरलं. मीही तेच म्हणत होते.

मागच्या पावसाळ्यात एकदा आम्ही बीडला निघालो होतो. गाडीत दोघंच. समोरच्या पडद्यावर चार्जिंग पूर्ण शंभर दिसत होतं. मी सहज म्हटलं, "अप्पा, शोरूमवाला ऐंशीवर बंद करा म्हणाला होता ना? बॅटरी जास्त टिकते म्हणे. आणि तुम्हाला काही रोज लांब जायचं नसतं. मग रोज रात्री कशाला एवढी भरता?"

अप्पा रस्त्याकडे बघतच म्हणाले, "गाडी सकाळी फुल्ल पायजे, पोरी. कवा कुटून फोन यील, सांगता येत न्हाई."

वडवणी येईपर्यंत माझ्या सगळं लक्षात आलं. साखर, दूध, बिस्किटाचे पुडे हे सगळं गिऱ्हाइकांना सांगण्यासाठी होतं. अप्पांनी ही गाडी स्वस्त पडते म्हणून घेतलीच नव्हती. घरातल्या भिंतीतून रोज रात्री भरून घेता येते, तिला बाटली लागत नाही, टँकरची वाट बघावी लागत नाही, म्हणून घेतली होती. मला वाईट वाटलं, आणि इतकी वर्षं त्यांना मनातल्या मनात दिलेल्या शिव्यांचं काय करावं तेही कळेना. त्या चुकीच्या होत्या असंही नव्हतं.

यंदा पुन्हा ज्वारी हुरड्यात आली. गोदाक्काच्या सुनेचा फोन आला, "मावशी, हुरड्याला या." काकूंनी बरं म्हणून फोन ठेवला. अप्पांना राहवलं नाही. भिंतीपलीकडून आवाज आला, "चकलांब्याला चार किलो साखर बी लागत न्हाई, अगं! चल की!"

आणि मग काकू बोलल्या. माझ्या दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही थांबली.

"तवा अक्का व्हती तर तुमच्या तेलाचे डबे आडवे आले. आता साखर झाली तर अक्का न्हाई. काय करू तुमच्या साखरंला?"

त्यानंतर अप्पांनी हिसाब सांगणं सोडलं. कोणी मुद्दाम विचारलं, "अप्पा, परळी किती किलो?" तर म्हणायचे, "बग बाबा तूच." त्या पायरीवरून साखरेचा भाव ऐकू येईना तेव्हा मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

मग एक दिवस सकाळीच ते एकटे गाडी घेऊन गेले. दिवे लागायच्या सुमाराला परतले. मी शटर ओढायला बाहेर आले होते, म्हणून बघितलं. अप्पांच्या हातात उपरण्याचं गाठोडं होतं. ते त्यांनी ओसरीवर काकूंपुढे सोडलं. हुरडा होता.

"अक्काच्या वावरातला हाय. सूनबाईनं आगटी पेटवून भाजून दिला. म्या हातात गरमागरमच घेतलता."

काकूंनी चिमूटभर दाणे तोंडात टाकले. हुरडा आगटीपाशी बसून, तळहातावर चोळून, फुंकर मारून खायचा असतो. तिथून उचलला की अर्ध्या तासात त्याचं चामट होतं. चकलांब्याहून दिंद्रुडला आणलेला हुरडा कसा लागत असेल, हे शेताचं तोंड न पाहिलेला माणूसही सांगेल. काकू बराच वेळ चावत राहिल्या.

"गार झालाय," त्या म्हणाल्या.

"हां," अप्पा म्हणाले. "गारच झाला."

"किती साखर लागली?"

अप्पा पायातली चप्पल काढत होते. ते तसेच वाकलेले राहिले. "न्हाई मोजली," म्हणाले.

काकूंनी तो सगळा हुरडा खाल्ला. एक दाणा टाकला नाही.

पुढच्या रविवारी मी दुकान उघडत होते, तर काकू पायरीवर उभ्या. इरकल नेसलेल्या. काउंटरवर नाणं ठेवलं आणि नेहमीसारखी मान खाली न घालता म्हणाल्या, "एक गोळी दे. हुरडा काय आनून खायची चीज हाय का? ह्यांना एवडं बी कळत न्हाई."

मी गोळी कापली. काकूंनी ती पदराच्या टोकाला बांधली. बाहेर अप्पांनी पुढचं दार उघडून धरलं होतं. काकू त्यावरून पुढे गेल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. अप्पांनी पुढचं दार लावलं, मग मागचंही हळूच लावलं. गाडी आवाज न करता निघून गेली. घाईत त्यांचं वायरचं भेंडोळं ओसरीवरच राहिलं होतं.

त्या दिवशी मी दुपारचं जेवण दुकानातच उरकलं. कोणी पायरी चढलं की वर बघायची. संध्याकाळपर्यंत गोळी परत आली नाही.