गुडघेवाले पुढं, गॅसवाले मागं

बिराप्पाअण्णाच्या जीपमध्ये तिकीट नाही, पण तपासणी आहे. तुम्ही दारात पाय ठेवला की अण्णा आरशातून बघतो आणि विचारतो, "काय होतंय?"

कुठं जायचंय, हे तो विचारत नाही. आमच्या गावातून जीप कमलनगरलाच जाते, त्यात विचारण्यासारखं काय आहे? पण तुम्हाला काय होतंय त्यावर तुम्ही कुठं बसायचं ते ठरतं. गुडघे असतील तर पुढं, अण्णाच्या शेजारी, कारण तिथं पाय लांब करता येतात. गॅस असेल तर पार मागं, दाराशी. बीपीवाला मधल्या बाकावर, पण राजकारण बोलणाऱ्यापासून लांब. कंबरवाल्यानं चाकावर बसायचं नाही. शुगरवाला कडेला, कारण त्याला वाटेत उतरावं लागतं आणि उतरताना तो सगळ्यांच्या पायांवर पाय देतो.

"मला काही होत नाही" म्हणणारा माणूस अण्णाला मुळीच आवडत नाही.

"काय होत न्हाई म्हंतोस? मग जा टपावर. वारं खा. दुखण्यावाल्याची जागा कामून अडवायलास?"

अण्णा आमचा भिंतीला भिंत लागून शेजारी. पन्नाशी ओलांडलेला, मिशा भरघोस, गळ्यात टॉवेल, आणि आवाज असा की हॉर्न बिघडला तर महिनाभर दुरुस्त केला नाही तरी चालतं. माणूस बघून भाषा बदलतो. आम्हाला मराठी, लिंगायत गल्लीतल्या म्हाताऱ्यांना कन्नडमध्ये "कूडरी अज्जा, कूडरी" म्हणून बसवतो, आणि शबानाचाची आल्या की खणखणीत दखनी: "चाची, घुटने आगे, गैस पीछे! तुमारा क्या है आज?" चाचीही तयारीच्या. "दोनों है रे बाबा, अब फाड़ के बिठा मेरे कू!"

पुढच्या सीटसाठी पोरं लबाडी करतात. बालाजी नावाचा एक आयटीआयचा पोरगा रोज गुडघ्याला हात लावून कण्हत यायचा. अण्णानं एके दिवशी त्याला सडकेवरच उठाबशा काढायला लावल्या. पोरगं जोशात काढत गेलं. मग अण्णा शांतपणे म्हणाला, "गुडघा झ्याक हाय. अक्कल दुखायली तुजी. चढ टपावर."

गॅस मात्र कुणी स्वतःहून कबूल करत नाही. ती माहिती सासूकडून सुनेची आणि सुनेकडून सासूची मिळते.

अण्णाचा खरा घोटाळा त्याच्या आवाजात आहे. दुखणं कानात सांगितलं तरी तो ते जीपभर वाटतो. एकदा पलीकडच्या वाडीचा एक नवरामुलगा मुलगी बघायला निघाला होता, आणि योगायोगानं मुलीचा मामाही त्याच जीपमध्ये. पोरानं बिचाऱ्यानं अण्णाच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. अण्णा गरजला, "मूळव्याधवाल्याला उशी द्या रे कुणीतरी!" पोराचं तोंड पांढरं पडलं. सोयरीक मोडली असंच सगळ्यांनी धरलं. पण मामा जरा सरकून बसला आणि म्हणाला, "पाव्हनं, उशी मोठी हाय. अर्धी मला बी द्या." पुढच्या लग्नसराईत दोघं मामेसासरे-जावई म्हणून त्याच जीपमधून आले. तेव्हा अण्णानं न विचारता दोन उशा ठेवल्या होत्या.

मी कमलनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. बी.एस्सी., बी.एड. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही, आणि हे मी विचारलं नाही तरी सांगते. कष्टानं मिळवलंय, त्यात लाज कसली? रोज जाता-येता अण्णाशी माझा शरीरशास्त्रावर वाद ठरलेला. अण्णा लिव्हरवाल्यांना डाव्या बाजूला बसवायचा. मी सांगितलं, "अण्णा, यकृत उजवीकडं असतं."

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे. आठवीच्या पोरांनासुद्धा माहीत आहे."

"मग आजपतोर मी डावीकडं बसवले तेंचं काय झालं?"

"काही नाही झालं."

"बघा! काही झालं न्हाई म्हंजे जागा बरूबर हुती. तुमचं पुस्तक एकदा तपासून घ्या, टीचर."

असा हा माणूस. अख्ख्या गावाचं दुखणं चव्हाट्यावर मांडणारा. आणि त्याच्याच घरात असं दुखणं आलं की त्याला ते मांडता येईना.

काशीक्का, त्याची बायको. आमच्या गल्लीत अण्णाच्या आवाजाला तोडीस तोड एकच आवाज होता, तो हिचा. भिंतीपलीकडून ती हसली की आमच्या घरातली भांडी वाजल्यासारखी वाटायची. लेकीचं लग्न झालं, लेक हैदराबादकडं गेली, सुखात आहे. त्यानंतर हळूहळू काशीक्काचा आवाज कमी होत गेला. आधी भांडणं थांबली, मग हसणं, मग बोलणं. भाकरी थापायची, झाडलोट करायची आणि भिंतीला टेकून बसायची. झोप नाही. जेवण नावापुरतं. "काय होतंय गं?" विचारलं तर, "काय न्हाई की."

गावानं निदान केलं, बाहेरचं आहे. लिंबू झाले, ताईत झाले. दर्ग्यावर ऊद झाला, बिरोबाला नारळ झाला. सगळ्यांचा मान राखून झाला आणि काशीक्का भिंतीशीच राहिली.

अण्णानं त्याचा स्वतःचा इलाजही करून बघितला. त्याचं शास्त्र एकच: बैठक बदलली की दुखणं हलतं. तेव्हा त्यानं काशीक्काची बाज घरभर फिरवायला सुरुवात केली. एक दिवस दाराशी, एक दिवस खिडकीखाली, एक दिवस चुलीजवळ, एकदा तर अंगणात लिंबाखाली. शेजाऱ्यांना वाटलं, अण्णाला कुणी वास्तूचा माणूस भेटला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "गुडघ्याची जागा मला ठावं हाय, पित्ताची ठावं हाय. हिचं कुठं बसवावं तेच समजंना झालंय."

मग एका रविवारी तो आमच्या ओसरीवर येऊन बसला. टॉवेलनं तोंड पुसलं. नंतर कोरडं तोंड परत पुसलं. अण्णा आवाज खाली करून बोलतोय हे मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

"टीचर, आमचा बाप मेंढरं राखायचा. तो म्हनायचा, मेंढरू आजारी पडलं की पैलं चारा सोडत न्हाई. पैलं कळप सोडतंय. बाजूला जाऊन हुबं ऱ्हातंय. तसं झालंय हिचं." मग म्हणाला, "तुमच्या पुस्तकात मनाला कुठं बसवत्यात?"

मी मास्तरीणच. सांगायला बसले. मन म्हणजे काही भूतबाधा नाही, अण्णा. मेंदूचं काम आहे ते. झोप, भूक, बोलावंसं वाटणं, सगळं तिथूनच चालतं. शुगरमध्ये शरीराचं एक काम बिघडतं, तसं हे दुसरं काम बिघडतं. त्याला डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, नुसतं बोलूनही उतार पडतो. बिदरला मोठ्या दवाखान्यात दाखवू. मी येते बरोबर.

"येड्याच्या डॉक्टरकडं?"

"मनाच्या."

"नाव तुमी काय बी द्या. गाव येड्याचंच म्हनंल." मग खरी अडचण बाहेर आली. "आन् टीचर, जीपमदी बसवताना मी काय सांगू? सगळ्यांचं मी विचारतो. हिचं कुनी विचारलं तर?"

मला हसू आलं, ते मी दाबलं. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याची मूळव्याध जाहीर केली, तो स्वतःच्या प्रश्नाला भ्यायला होता.

त्यानं ठरवलं, गुपचूप न्यायचं. रिकामी जीप काढायची, मागं काशीक्काला बसवायचं, कुणी बघायच्या आत भुर्र. पण आमच्या गावात जीप रिकामी जाणं हा प्रकारच नाही. इंजिन गुरगुरलं की माणसं अंथरुणातून उठून येतात. काम नसलं तरी येतात, जीप चाललीय तर जाऊन येऊ म्हणून. पहिल्या खेपेला अण्णानं चावी फिरवली आणि काशीक्का चप्पल घालेपर्यंत जीप भरली. तिनं बघितलं आणि आत गेली. पुढच्या खेपेला अण्णानं जीप ढकलत वेशीपर्यंत न्यायचं ठरवलं. ढकलणारा माणूस बघून मदतीला दहाजण धावले, आणि मदत केली म्हणून दहाहीजण आत बसले.

काशीक्काचं खाणं आणखी कमी झालं. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मी अण्णाला म्हटलं, "आता लाजत बसलात तर उशीर होईल. मी सांगून ठेवते."

 सोमवारी सकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, त्यानं जीप दारासमोर लावली आणि हॉर्न दिला. लांब, ठासून. काशीक्का बाहेर आली. इरकल नेसली होती, केस विंचरले होते, नजर पायांकडे. मी तिचा दंड धरला होता. जीप गच्च भरलेली. पुढच्या सीटवर फुलाबाई, गावातले सगळ्यात जुने गुडघे.

आणि जे व्हायचं तेच झालं. फुलाबाईनंच विचारलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं; त्या जीपची रीतच ती.

"काय वो अण्णा, काशीक्काला काय होतंय? कुठं बसवायलाव?"

अण्णा स्टिअरिंगला दोन्ही हात धरून बसला होता. मिशा हलल्या, आवाज निघाला नाही. काशीक्काचा दंड माझ्या हातात ताठ झाला, आता ती परत आत जाणार हे मला कळलं. तेवढ्यात अण्णा बोलला. पण नेहमीसारखा गरजला नाही. जेवढं फुलाबाईला ऐकू जावं तेवढंच.

"मनाचं हाय. झोप न्हाई, जेवन न्हाई. बिदरला दाखवायला नेयलाव."

सगळ्या माना काशीक्काकडं वळल्या. टपावरचा बालाजीसुद्धा खाली वाकून बघायला लागला.

फुलाबाईनं एक सुस्कारा सोडला, पायाखालची पिशवी उचलली आणि कण्हत-कुंथत खाली उतरली.

"ये बाई, हितं बस. वारं लागंल. माजे गुडघे काय, मागं बी दुखत्यात आन् पुढं बी दुखत्यात."

काशीक्का बसली. जीप निघाली. वेस मागं पडली. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाली, "झोप तर मला बी न्हाई बाई, थोरला मुंबईला गेल्यापासनं." शबानाचाची म्हणाल्या, "मेरा भी दिल ऐसाच बैठता है कभी-कभी. मैं बोली, गैस होंगा." मधल्या बाकावरचे एक आजोबा, बीपीवाले, राजकारण सोडून दुसरं कधी न बोलणारे, हळूच म्हणाले की म्हातारी गेल्यापासून संध्याकाळी घरात पाऊल टाकवत नाही. तेवढ्यात टपावरून बालाजी ओरडला, "अण्णा, मला बी रिझल्ट लागल्यापासनं कसंतरीच होतंय!"

"तुजा रिझल्ट बघून आमाला बी व्हतंय! गप बस वर!" अण्णा ओरडला. त्याचा आवाज परत आला होता, आणि पुढच्या सीटवर काशीक्काच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. हसू म्हणण्याइतका नाही. पण मी बघितलं.

कमलनगरला सगळे उतरले. शाळेत मी रजा सांगून ठेवली होती. पुढं आम्ही तिघंच.  खड्डा आला की अण्णा गाडी अशी हळू घ्यायचा, जणू पुढच्या सीटवर दुधाची घागर आहे.

दवाखान्यात गर्दी होती. मला वाटलं होतं, इथं ओरडणारी, केस पिंजारलेली माणसं असतील. तशी कुणी नव्हती. आमच्यासारखीच माणसं होती. कुणी डबा आणलेला, कुणी कॉलेजच्या दप्तरासकट आलेलं. आम्ही बाकावर बसलो. मधे काशीक्का, एका बाजूला मी, एका बाजूला अण्णा. आमचा नंबर आला. दारातल्या नर्सबाईनं आधी कन्नडमध्ये विचारलं, आमच्या चेहऱ्यांकडं बघून मग मराठीत.

"पेशंट कोण आहे?"

मी काशीक्काकडं बोट केलं. तेवढ्यात अण्णा उभा राहिला. टॉवेल गळ्यातून काढून हातात घेतला, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा.

"दोघं."

नर्सबाई हसल्या. "दोघं?"

"व्हय. ती गप बसल्यापासनं मला बी झोप न्हाई. घरात बोलायला कुनी न्हाई, मग सडकंवर वरडत फिरतो."

काशीक्कानं मान वर केली. कितीतरी महिन्यांनी ती नवऱ्याकडं सरळ बघत होती. अण्णानं तिच्याकडं बघितलं नाही. नर्सबाईंनाच म्हणाला, "पैलं हिला बघा. मग मला. मला काय घाई न्हाई."

काशीक्कानं त्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि ओढली.

"चला की," ती म्हणाली. "संगंच जाऊ."